नुसता पाहायचा डोंगर

मायच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा ती माझ्याकडे, जालन्यात मस्तगडच्या घरी राहायला आली होती. एरवी ती अंकुशनगरला माझ्या धाकट्या भावाकडे असते. वडील तिथल्या साखर कारखान्यात कामाला होते, आता भाऊ आहे. पण वडिलांना कारखान्यात काम मिळण्याआधी आमचं घर मेंढरांमागे फिरणारं होतं. माय लग्न होऊन आली ती घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात. पाऊस सरला की ही माणसं निघायची, शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पुन्हा पुढे जायची. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला आठवतो तो कारखान्याचा भोंगा आणि मळीचा वास.

डॉक्टरांनी मायला धुरात जाऊ नका, वाकू नका म्हणून सांगितलं होतं. तरी मी स्वयंपाकघरात असले की ती तिथेच खुर्ची टाकून बसायची. एका दुपारी तिने काळा चष्मा उतरवला, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने घर नीट पाहून घेतलं आणि आधी मला सांगितलं की शेगडीमागच्या फरशीवर तेलाचे थर बसलेत. मग तिची नजर फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर गेली.

ते कॅलेंडर चिनी होतं. मी एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्लँटवर काम करते. बियाणं साफ होऊन पिशवीत जाईपर्यंतची तपासणी माझ्याकडे असते. आदल्या वर्षी आमच्याकडे रंगावरून दाणा निवडणारं यंत्र आलं, ते बसवायला चीनहून एक इंजिनिअर आला होता, आणि जाताना तो सगळ्यांना कॅलेंडरं वाटून गेला होता. त्यावर एकच मोठं चित्र होतं. दगडाचे उंच उंच खांब, एकेक सुटा, सरळ आभाळात गेलेला. प्रत्येकाच्या डोक्यावर झाडं आणि बुडाशी धुकं.

माय उठून अगदी जवळ गेली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हे डोंगर खरे हायेत का कुणी काढलेत?"

मला माहीत नव्हतं. वर्षभर मी ते चित्र रोज पाहत होते आणि मला असा प्रश्नच पडला नव्हता. मी फोन घेतला आणि त्या इंजिनिअरला कॅलेंडरचा फोटो पाठवून विचारलं. आमचं बोलणं फोनच्या भाषांतरावरच चालायचं. त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. डोंगर खरे आहेत, ते राखीव उद्यान आहे, माझ्या गावाहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, जगभरातून माणसं पाहायला येतात. तुम्हीही या.

मी ते मायला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य त्याने आपलं शिष्टाचार म्हणून लिहिलं असणार. मायने ते आमंत्रण म्हणून घेतलं. "मंग कव्हा जायचं?" तिने विचारलं.

मी हसले. ती हसली नाही. आणि भाकरी थापता थापता माझ्या लक्षात आलं की मीही खरं तर हसण्यासारखं काही ऐकलं नव्हतं. मायचे गुडघे ठणठणीत, बीपी-शुगर नाही. माझी मुलगी पुण्यात नोकरीला लागलेली. रजा साठलेल्या. गेल्या कित्येक वर्षांत मी जे जे मनावर घेतलं होतं, ते करून दाखवलं होतं. प्लँटवर बाई सुपरवायझर नको म्हणणारे आता माझ्याच सहीसाठी थांबतात. मग मायला घेऊन एक डोंगर पाहून येणं असं काय अवघड आहे? नवऱ्याचं मस्तगडातच हार्डवेअरचं दुकान आहे. रात्री जेवताना मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, दुकान सोडून मला येता यायचं नाही, पण तू ठरवलंच असशील तर मी मधे पडत नाही. त्याच्या बाजूने तो होकारच होता.

त्या जागेचं नाव मला नीट म्हणता येईपर्यंत आठवडा गेला. मायने मात्र पहिल्याच दिवशी त्याचं "चांगजाई" करून टाकलं आणि पुढे आमच्या घरात तेच चाललं. माझ्या भावजयीने फोनवर ते नाव ऐकलं तेव्हा तिला वाटलं, कुठलीतरी देवी आहे.

आधी पासपोर्ट काढायचा होता. भावाला मी एवढंच सांगितलं की मायचा पासपोर्ट काढून ठेवू, कधी उपयोगी पडेल. तो हो म्हणाला. बाकीचं राखीला घरी गेल्यावर समोर बसून सांगावं असं मी ठरवलं होतं, कारण फोनवर तो पहिल्या वाक्यालाच नाही म्हणतो आणि मग त्या नाहीवरून खाली उतरणं त्याला जड जातं.

पासपोर्टच्या ऑफिसात मायच्या बोटांचे ठसे उठेनात. आयुष्यभर लोकर कातून आणि दोर वळून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. तिथल्या बाईंनी न कंटाळता हात धुवून या, पुसा, थोडं तेल लावा असं करत करत एकेक बोट घेतलं. माय मधेच तिला म्हणाली, "राहू द्या बाई, चेहरा तर दिसून राह्यला ना." त्या बाई हसल्या, पण त्यांनी काम सोडलं नाही, आणि शेवटी सगळी बोटं उठली.

यानंतर मी संभाजीनगरला एका एजंटकडे गेले. त्याच्या टेबलावर युरोप, दुबई, बालीची पत्रकं होती. चीन म्हटल्यावर त्याने मोठ्या शहरांची सहल पुढे केली. मी म्हटलं, शहरं नकोत, हे एकच ठिकाण हवं, आणि तिथे चार-पाच दिवस निवांत राहायचंय. माय बरोबर आहे म्हटल्यावर त्याने पत्रकांच्या तळातून चारधामचं काढलं. या वयाच्या बायकांना हेच बरं वाटतं, असं तो समजुतीने म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याशी आणखी बोलत बसण्यात अर्थ नव्हता. मी चहा संपवून उठले आणि परत येताना बसमध्येच ठरवलं की सगळं आपणच करायचं.

आणि ते मला आवडायला लागलं. प्लँटवर नव्या हंगामाची आखणी करावी तशी मी ही सहल आखली. मुंबईहून विमान, मधे एकदा बदल, पुढे त्यांची वेगवान आगगाडी, तिथून बस. इंजिनिअरला मी जेवणाच्या सुट्टीत प्रश्न पाठवायचे. तो नेमकी उत्तरं द्यायचा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बिलकुल येऊ नका, त्या दिवसांत आमचा अख्खा देश सुट्टीवर असतो आणि डोंगराऐवजी माणसांचे खांदे दिसतात. त्यानंतर या. उद्यानाच्या आतल्या बाजूला, खेडेगावासारख्या वस्तीत खोली घ्या, म्हणजे रोज वरखाली करावं लागणार नाही. धुकं कधीही येतं, म्हणून जास्तीचे दिवस हाताशी ठेवा. तिकडे सगळे पैसे फोनवरूनच द्यावे लागतात, ती सोय निघण्याआधी करून घ्या. मी सगळं करत गेले. यादीतल्या एका गोष्टीवर खूण झाली की दुसरी सुरू. जेवणाची काळजी मला होती, मायला नव्हती. "मटण मिळतं ना तिकडं? मंग झालं," ती म्हणाली. तरी मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची चटणी सामानाच्या यादीत धरून ठेवली होती.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना पोलीस अंकुशनगरला गेला.

पासपोर्टसाठी पत्त्याची चौकशी होते हे मला माहीत होतं. ती इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. माय तोवर भावाकडे परत गेली होती. भाऊ ड्युटीवर होता. घरात माय आणि भावजय. पुढचं सगळं भावजयीने मला नंतर सांगितलं. पोलिसाने कागद पाहिले, मायला ओळखलं आणि सहज विचारलं की आजी, कुठे जायचंय. मायने सरळ सांगितलं, चीनला. त्याने विचारलं, कशाला. माय म्हणाली, डोंगर पाह्यला. तो म्हणाला, आपल्याकडे डोंगर कमी आहेत का? त्यावर माय म्हणाली, ते सगळे पाहून झाले. मग तिने त्याला चहा दिला, आणि त्याने शेजारी दोघांना विचारून सह्या घेतल्या. भाऊ संध्याकाळी घरी येईपर्यंत कारखान्याच्या वसाहतीत सगळीकडे बोभाटा झाला होता. कुणी म्हणत होतं म्हातारी उपचाराला चाललीय, कुणी म्हणत होतं लेक तिकडे कायमची राहायला चाललीय.

भावाचा फोन आला. तो रागावला की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलतो.

"अक्का, तू मायला कुठं घेऊन चालली हे मला पोलिसानं सांगावं का?"

त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, रविवारी येते.

रविवारी मी पहिल्या बसने गेले. भावजयीने पोहे केले होते, ते आम्ही आधी खाऊन घेतले. मग भावाने एकेक सुरू केलं. तिचं वय काय, आपल्याला तिथली भाषा येत नाही, खाणं वेगळं, लोक काय म्हणतील, डोंगरच पाहायचा तर केदारनाथला ने, मीही येतो. त्याच्या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. तयारी करूनच गेले होते मी. भाषेला फोन, खाण्याला धपाटे, चढायला रोपवेचा पाळणा, आजारी पडली तर विमा. मी उत्तरं देत गेले आणि त्याचा चेहरा बंद होत गेला. शेवटी तो खाली फरशीकडे पाहत म्हणाला, "बापाला संभाजीनगरहून आणलं तव्हा गाडीत मी एकटा होतो. तिथून इथवर, पाय धरून बसल्तो. तू नंतर पोचली. चीनहून मायला कसं आणशील, ते सांग."

वडिलांना तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि ते गेले तेव्हा मी जालन्यात होते, वाटेतच होते म्हणा. त्या गाडीतल्या प्रवासाबद्दल भाऊ इतक्या वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता. भावजय भांडी घेऊन आत गेली.

माय दाराजवळ शेंगा फोडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुझा आजा वाटंतच गेला," ती भावाला म्हणाली. "मेंढरं घिऊन चाललो व्हतो. जिथं गेला तिथंच माती दिली, अन् दुसऱ्या दिशी पुढं निघालो. कुणी म्हन्लं न्हाई, कशाला निघाले व्हते म्हणून. मला काय झालं तर तिथल्या मातीत ठिवा. माती सगळीकडं मातीच."

भावाने फरशीवरचं एक टरफल उचलून सुपात टाकलं.

"अन् केदारनाथचं म्हणशील," माय पुढे म्हणाली, "तर देवाला लई डोंगर चढले मी. चढायचं, नारळ फोडायचा, गर्दीत ढकलून घ्यायचं अन् उतरायचं. त्याच्या आधी मेंढरांमागं चढले. तव्हा चारा कुठं हाय, पाणी कुठं हाय, लांडगा कुठून येईल, तेच पाह्यलं. मला एक डोंगर नुसता पाहू दे. जिथं माझं काहीच काम न्हाई असा."

मी आजवर हिला चांगलं ओळखते असं मला वाटायचं. कॅलेंडरसमोर ती त्या दुपारी एवढा वेळ का उभी राहिली, ते मला त्या रविवारी कळलं.

भाऊ उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि मला विचारलं की तिथल्या खोलीत गरम पाणी असतं का. मी म्हटलं, असतं. मग त्याने विचारलं, खोली तळमजल्यावर मिळेल का. मग विमा कुठला. भाऊ प्रश्न विचारायला लागला की काम झालं असं समजायचं. नकोच असेल तर तो विचारत नाही. निघताना त्याने दोन अटी घातल्या. डॉक्टरकडून मायची पूर्ण तपासणी करून घ्यायची, आणि निघेपर्यंत तिने रोज चढायचा सराव करायचा. दुसरी जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली.

तेव्हापासून रात्रपाळी नसेल त्या दिवशी तो सकाळी मायला मोटारसायकलवर अंबडला न्यायचा. तिथे टेकडीवर देवीचं देऊळ आहे, त्याच्या पायऱ्या ती चढायची आणि उतरायची. वर गेल्यावर बाहेरूनच हात जोडून म्हणायची, आज सरावाला आले बाई, दर्शनाला नंतर येते. भावजयीने मला सांगितलं की पहिल्या आठवड्यात धाप मायला नाही, भावालाच लागायची. दुसऱ्या आठवड्यापासून त्याने तंबाखू कमी केली.

डॉक्टरांनी मायला तपासून काही खोट काढली नाही. व्हिसाही आला. दसरा झाला, आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत आम्ही निघालो. भाऊ मुंबईपर्यंत सोडायला आला. विमानतळाच्या दारात त्याने मायच्या पाया पडून तिच्या हातात एक छोटी पिशवी दिली आणि लगेच पाठ फिरवली. आत सुंठ, ओवा आणि झेंडू बाम होता.

प्रवास जसा आखला होता तसाच झाला. विमान बदलताना मी थोडी घाबरले, माय नाही. तिला त्या फिरत्या पट्ट्यावर उभं राहून जाणं इतकं आवडलं की आम्ही एकदा उगीचच परत जाऊन पुन्हा आलो. आगगाडीत तिने खिडकी सोडली नाही. तिकडच्या शेतांचे तुकडे किती बारके आहेत आणि कुठेही पडीक जागा नाही, हे तिने मला दाखवलं. रात्रीपर्यंत आम्ही उद्यानाच्या आतल्या वस्तीत पोचलो. घरमालकीण आमच्या दोघींच्या वयाच्या मधली होती, म्हणजे माझ्याहून मोठी आणि मायहून लहान. तिने भात, अंडी आणि तिखट भाजी दिली. तिखट खरंच तिखट होतं. माय खूश झाली.

पहिला दिवस धुक्यात गेला. काहीही दिसलं नाही. मी बेचैन होते. माय घरमालकिणीच्या अंगणात बसून मक्याची कणसं सोलायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळं होतं. वाटेवर खुर्ची खांद्यावर घेऊन माणसांना वाहून नेणारे लोक होते. ते मायला सारखे बस म्हणून खुणावत होते. "मी काय नवरदेव हाय का," म्हणत ती पायऱ्या चढत राहिली. एका वळणावर दगडी कठड्यापाशी आम्ही आलो आणि समोर ते खांब उभे होते.

चित्रात ते जेवढे होते त्याहून फार जास्त होते. खाली दरीत पांढरं धुकं होतं आणि ते हळूहळू सरकत होतं, त्यामुळे खांबच चाललेत असं वाटत होतं. मी फोटो काढले. माय कठड्याजवळच्या बाकावर बसली आणि पदर डोक्यावरून घेतला.

माझ्या आखणीप्रमाणे तिथे अर्धा तास होता. मग पुढचं ठिकाण, मग डोंगराच्या पोटातून वर नेणारी लिफ्ट, मग आणखी एक टोक. अर्ध्या तासाने मी म्हटलं, माय, चल. ती म्हणाली, तू जाऊन ये, मी हितंच बसते. एवढी लांब आलो तर बाकीचंही पाहू, असं मी समजावलं. ती ऐकत होती, पण नजर समोरून हलत नव्हती. गर्दी यायची, फोटो काढून जायची. एका चिनी मुलीने मायसोबत फोटो काढून घेतला, तेव्हाही ती समोरच पाहत होती.

मग मीही बसले. फोनमधली आखणी बंद केली आणि फोन पिशवीत टाकला.

आम्ही तिथे दिवसभर बसलो. ऊन फिरलं तसे खांबांचे रंग फिरले. सकाळी काळपट होते ते दुपारी मेंदीच्या रंगाचे झाले. दोनदा धुकं वर येऊन सगळं पुसून गेलं आणि पुन्हा उघडलं. आम्ही धपाटे खाल्ले. मधेच केव्हातरी माय बोलायला लागली. माझ्या जन्माच्या वेळी मुक्काम बालाघाटाच्या पायथ्याला होता, असं ती म्हणाली. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पाठीमागे मोठा डोंगर होता. तीन मुक्काम तिथे पडले. "पण तो कसा व्हता, ते मला सांगता यायचं न्हाई," ती म्हणाली. "तुला घिऊन पडले व्हते, तरी ध्यान सगळं मेंढरांकडं. मान वर करून पाह्यलंच न्हाई."

मी विचारलं, आता गेलो तर ती जागा सापडेल का. ती विचार करून म्हणाली की ओढा सापडला तर सापडेल.

शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा ती आपणहून उठली. कंबर सरळ केली, चप्पल झटकली आणि माझ्या पुढे पायऱ्या उतरायला लागली. रांगेत आमच्या पुढच्या माणसाच्या फोनवर एका पुलाचा फोटो होता. काचेचा पूल, खाली दरी, वर माणसं घाबरून एकमेकांना धरून चाललेली. मायने मान लांब करून तो नीट पाहिला.

"हे इथंच हाय का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, जवळच आहे, पण बस बदलून जावं लागतं.

"मंग उद्या हे दाखव," माय म्हणाली, आणि बस लागताच खिडकीची जागा धरायला लगबगीने चढली.